जोडीदाराचें कर्ज आणि अडकलेला परतावा

अमेरिकेंतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने परताव्याची वाट पाहण्याचे महिने असतात. वर्षभर पगारांतून कापून घेतलेला कर देय करापेक्षां अधिक झाला असेल, तर ती जादा रक्कम सरकार परत करतें. ही रक्कम हातीं येण्यापूर्वींच घरांत तिची वांटणी झालेली असते. मोटारीचे झिजलेले टायर बदलावयाचे, दांतांच्या डॉक्टरांचें बिल भागवावयाचें, आणि कांहीं उरलेंच तर माहेरीं एक फेरी मारून यावयाची. अशा वेळीं पैशाऐवजीं एक पत्र येतें. परताव्याची रक्कम अमुक खात्याच्या थकलेल्या येण्यापोटीं वळती करून घेण्यांत आली आहे, एवढाच त्यांतील मजकूर. थकबाकी पतीची असते. लग्नापूर्वींचें शिक्षणकर्ज, किंवा पहिल्या लग्नाच्या मुलांची राहिलेली पोटगी. पत्नीनें मात्र ते कर्ज काढलेलें नसतें, कदाचित् त्याची पुरती वार्ताहि तिला नसते. वर्षभर तिच्या पगारांतून कापला गेलेला पैसाहि त्याच ओघांत वाहून जातो. सुक्याबरोबर ओलें जळतें म्हणतात, तें हेंच.

या अन्यायावर अमेरिकन कायद्यानें तोड काढून ठेविली आहे. ज्या जोडीदाराचा पैसा दुसऱ्याच्या कर्जापायीं गेला त्याला तेथील करखातें ‘इंज्युअर्ड स्पाउस’, म्हणजे बाधित जोडीदार, असें म्हणतें. यांतील इजा हातापायाची नव्हे, खिशाची आहे. आपला हिस्सा परत मिळविण्यासाठीं त्यानें ८३७९ क्रमांकाचा फॉर्म भरावयाचा असतो. परंतु फॉर्म धाडला आणि पैसे आले, असा सरळ व्यवहार येथें नाहीं. आठवड्यांमागून आठवडे जातात, आणि घरांतील मंडळींचा धीर सुटूं लागतो. या विलंबांतील कोणता भाग अटळ आहे, कोणता घरच्याच चुकीनें ओढवतो, आणि मुदत उलटून गेल्यावर कोणतें दार ठोठवावें, हें नीट समजून घेतल्यास पुष्कळसा मनस्ताप वांचतो. ज्यांच्या लेकी-सुना न्यू जर्सींत, टेक्ससमध्यें किंवा कॅलिफोर्नियांत संसार करीत आहेत, अशा महाराष्ट्रीय कुटुंबांना तर हा विषय अगदींच परका म्हणतां येणार नाहीं. अमेरिकन सरकारचें शिक्षणकर्ज मुख्यत्वें तेथील नागरिकांना व कायमच्या रहिवाशांना मिळतें. त्यामुळें तेथेंच वाढलेल्या मुलाशीं लग्न होऊन गेलेल्या येथील मुलीच्या वांट्याला हा प्रसंग येणें सहज शक्य आहे.

हिंदुस्थानांत पतिपत्नी आपापलें विवरणपत्र स्वतंत्रपणें भरतात. एकाच्या करखात्याचा दुसऱ्याच्या खात्याशीं संबंध येत नाहीं. म्हणून येथील माणसाला प्रथम नवल वाटतें तें हें कीं, पतीच्या कर्जासाठीं पत्नीच्या पैशाला हात लागतोच कसा? आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतींतहि असा दंडक आहे कीं, पतीनें केलेलें ऋण पत्नीनें फेडावयाचें नाहीं, आणि पत्नीनें केलेलें पतीनें फेडावयाचें नाहीं. अपवाद कुटुंबासाठीं काढलेल्या कर्जाचा. अमेरिकेंतील कायद्याचें तत्त्वहि याहून फारसें निराळें नाहीं. तेथेंहि पतीचें शिक्षणकर्ज केवळ लग्नामुळें पत्नीचें होत नाहीं. घोटाळा होतो तो कर्जामुळें नव्हे, तर संयुक्त विवरणपत्रामुळें.

या संयुक्त विवरणपत्राचा इतिहास थोडक्यांत पाहण्यासारखा आहे. १९३० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ‘पो विरुद्ध सीबॉर्न’ या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, ज्या राज्यांत पतिपत्नींची कमाई कायद्यानें दोघांची सामाईक मानली जाते, तेथें प्रत्येकानें निम्मी कमाई आपली म्हणून दाखवावी. कराचे दर चढते असल्यानें त्या राज्यांतील जोडप्यांचा कर कमी होऊं लागला, आणि इतर राज्यांतील जोडप्यांना तो पक्षपात वाटूं लागला. अखेर १९४८ च्या कायद्यानें ती सवलत संयुक्त विवरणपत्राच्या रूपानें सर्व देशांतील विवाहितांना मिळाली. मात्र त्यापूर्वींच, १९३८ च्या कायद्यानें, संयुक्त विवरणपत्रावरील कराची जबाबदारी दोघांवर एकत्र व प्रत्येकावर संपूर्ण, अशी ठरविली गेली होती. सवलत आणि जोखीम अशीं एकाच कागदावर येऊन बसलीं. १९४३ पासून पगारांतूनच कर कापण्याची व्यवस्था सर्वत्र सुरू झाली. म्हणजे पैसा आधीं सरकारजमा, आणि हिशेब मागाहून. जादा जमा झालेली रक्कम परत येते ती दोघांच्या नांवानें एकच.

या एकत्र रकमेवर धनको खात्यांची दृष्टि न जाती तरच नवल. १९८१ च्या कायद्यानें थकलेल्या पोटगीसाठीं कराचा परतावा अडविण्याची सोय झाली, आणि १९८४ च्या कायद्यानें शिक्षणकर्जासारख्या इतर सरकारी येण्यांनाहि ती लागू करण्यांत आली. आज हें काम ‘ट्रेझरी ऑफसेट प्रोग्राम’ या योजनेखालीं चालतें, आणि ‘ब्यूरो ऑफ द फिस्कल सर्व्हिस’ हें खातें तें पाहतें. मुलांची व घटस्फोटित जोडीदाराची पोटगी, सरकारी शिक्षणकर्ज, राज्याचा थकलेला प्राप्तिकर, बेकारभत्त्याची परत करावयाची रक्कम, अशीं येणीं या योजनेंतून वळतीं केलीं जातात. केंद्राचा जुना प्राप्तिकर थकला असेल, तर करखातें तो स्वतःच कापून घेतें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनीं आपलें येणें या योजनेकडे सोंपविण्यापूर्वीं ऋणकोला निदान ६० दिवस आधीं सूचना द्यावी, असा नियम आहे. परंतु ती सूचना ऋणकोला जाते, त्याच्या जोडीदाराला नव्हे. पतीनें तें पाकीट न फोडतां टेबलाच्या खणांत टाकलें असेल, तर पत्नीला पहिली खबर मिळते ती पैसे गेल्यावरच. पुष्कळ घरांत खरें दुःख रकमेचें नसतें. तें त्या खणांतील पाकिटाचें असतें.

दुसराहि एक घोटाळा आरंभींच दूर केला पाहिजे. ‘बाधित जोडीदार’ आणि ‘निर्दोष जोडीदार’, ज्याला तेथें ‘इनोसंट स्पाउस’ म्हणतात, हीं दोन अगदीं भिन्न प्रकरणें आहेत. संयुक्त विवरणपत्रांत एकानें उत्पन्न लपविलें किंवा खोटी वजावट दाखविली, आणि त्यामुळें उद्भवलेल्या कराच्या जबाबदारींतून दुसऱ्याला मुक्त व्हावयाचें असेल, तर तो निर्दोष जोडीदार. त्याचा फॉर्म ८८५७ क्रमांकाचा. बाधित जोडीदाराची तक्रार कराविषयीं नसतेच. विवरणपत्र बिनचूक आहे, कर बरोबर आहे, फक्त परताव्यांतील आपला वांटा दुसऱ्याच्या कर्जाला गेला, एवढेंच त्याचें म्हणणें. नांवांच्या साम्यामुळें भलताच फॉर्म धाडला गेला, तर महिने फुकट जातात. तसेंच मूळ कर्जच खोटें किंवा फिटलेलें असेल, तर तो वाद करखात्याकडे नेऊन उपयोग नाहीं. वळतीच्या पत्रांत ज्या धनको खात्याचें नांव व पत्ता दिलेला असतो, त्याच्याकडेच तो न्यावा लागतो. आणि पत्नीनेंहि त्या कर्जाच्या कागदावर सही केलेली असेल, तर तें तिचेंहि कर्ज ठरतें. मग बाधित म्हणून मागणी करतां येत नाहीं.

आतां वांटा ठरतो कसा हें पाहावें, कारण विलंबाचें मूळ त्यांतच आहे. पुष्कळांची समजूत असते कीं, परताव्याचे सरळ दोन भाग केले म्हणजे झालें. वास्तविक तसें होत नाहीं. फॉर्ममध्यें प्रत्येक रकमेसाठीं तीन रकाने असतात: संयुक्त विवरणपत्रावरील आंकडा, त्यांतील बाधित जोडीदाराचा भाग, आणि दुसऱ्याचा भाग. ज्याचा पगार त्याच्या रकान्यांत, ज्याच्या पगारांतून कर कापला तो कर त्याच्याच रकान्यांत, आणि सर्वांना मिळणारी ठराविक वजावट निम्मी निम्मी. यावरून करखातें प्रत्येकाचा कर स्वतंत्र धरून किती झाला असता तें काढतें, आणि त्या प्रमाणांत संयुक्त कर दोघांवर वांटतें.

उदाहरणादाखल कांहीं कल्पित आंकडे घ्यावे. समजा, एका जोडप्याचा संयुक्त कर ६,००० डॉलर झाला. पत्नीच्या पगारांतून ५,४०० डॉलर कापले गेले आणि पतीच्या पगारांतून ३,०००. म्हणजे एकूण ८,४००, आणि परतावा २,४०० डॉलरचा. आतां स्वतंत्र हिशेब केला असतां पत्नीचा कर ३,९०० व पतीचा २,६०० येतो, म्हणजे तीनास दोन असें प्रमाण पडतें. त्या प्रमाणानें ६,००० पैकीं ३,६०० पत्नीवर आणि २,४०० पतीवर पडले. पत्नीनें भरले होते ५,४००. म्हणून तिचा परतावा १,८०० डॉलर. पतीचा ६०० डॉलर. निम्म्या वांटणीनें तिच्या पदरीं १,२०० च पडले असते. कर्जापोटीं जावयाचे ते पतीचे ६००. पत्नीचे १,८०० तिला परत मिळाले पाहिजेत. ही मेहेरबानी नव्हे, तिचा हक्क आहे.

या हिशेबाला दुसरी बाजूहि आहे. पत्नी घर व मुलें सांभाळीत असेल, तिची स्वतःची कमाई नसेल आणि तिच्या नांवें कर कापला गेला नसेल, तर वरील रीतीनें तिचा वांटा बहुधा शून्यच येतो; मुलांसाठीं किंवा अल्प उत्पन्नासाठीं मिळणारी परत देय अशी एखादी सवलत तिच्या रकान्यांत बसली, तरच कांहीं हातीं लागतें. मात्र ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत पतिपत्नींची कमाई सामाईक मानतात. तेथें वांटणी त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणें होते, आणि निकाल अगदींच वेगळा लागूं शकतो. म्हणून न्यू जर्सींतील मैत्रिणीला अमुक मिळालें, एवढ्यावरून टेक्ससमधील बाईनें आपला अंदाज बांधूं नये.

आतां मुदतीचा प्रश्न. संगणकाद्वारें पाठविलेल्या साध्या विवरणपत्राचा परतावा बहुधा २१ दिवसांच्या आंत येतो. बाधित जोडीदाराचा फॉर्म मध्यें आला कीं ही गति उरत नाहीं. फॉर्म विवरणपत्राबरोबर संगणकाद्वारें पाठविल्यास सुमारें ११ आठवडे, बरोबरच पण कागदावर पाठविल्यास सुमारें १४ आठवडे, आणि विवरणपत्राचें काम पुरें झाल्यावर फॉर्म एकटाच पाठविल्यास सुमारें ८ आठवडे लागतात, असें करखात्यानेंच सांगून ठेविलें आहे. येथें दोन खात्यांचा संबंध येतो आणि प्रत्येक रकमेची फोड तपासावी लागते. साध्या परताव्यासारखें तें काम झटपट उरकत नाहीं.

हे आंकडे पाहून एखाद्याला वाटेल कीं, आधीं वळती होऊं द्यावी आणि मग एकटा फॉर्म धाडावा. ८ आठवडे हे ११ पेक्षां बरे. पण हा हिशेब फसवा आहे. विवरणपत्राचे तीन आठवडे आणि फॉर्मचे आठ मिळून अकराच होतात. वर पैसा एकदां धनको खात्याकडे जाऊन पुन्हां मागें खेंचावा लागतो, ती यातायात निराळीच. म्हणून थकबाकी आहे हें ठाऊक असेल, तर फॉर्म विवरणपत्राबरोबरच जोडणें शहाणपणाचें. आपल्या नांवावर असें कांहीं येणें नोंदलें आहे कीं नाहीं, हें ऋणकोला ऑफसेट योजनेच्या दूरध्वनीवरून आधींच विचारतां येतें. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां जानेवारींतच ही चौकशी केलेली बरी.

अटळ विलंबाखेरीज जो विलंब होतो, तो बहुतेक लहानसहान चुकांमुळें. संयुक्त विवरणपत्रावर नांवें व सोशल सिक्युरिटीचे क्रमांक ज्या क्रमानें आहेत, त्याच क्रमानें ते या फॉर्मवर असावे लागतात. पत्नी मागणी करते म्हणून तिचें नांव आधीं लिहिलें, तर मेळ बसत नाहीं. फॉर्म कागदी विवरणपत्राला जोडावयाचा असेल, तर पहिल्या पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यांत ‘इंज्युअर्ड स्पाउस’ असे शब्द लिहावे लागतात. तो एकटा पाठवावयाचा असेल, तर दोघांच्याहि पगाराचे व कापलेल्या कराचे दाखले, म्हणजे डब्ल्यू-२ वगैरे, यांच्या नकला सोबत हव्यात, आणि बाधित जोडीदाराची सही हवी. मात्र त्याच्याबरोबर जुन्या संयुक्त विवरणपत्राची प्रत जोडूं नये. पैसे येत नाहींत म्हणून घाबरून दुसरा फॉर्म धाडणें ही तर सर्वांत महाग पडणारी चूक. दोन मागण्या समोर आल्या कीं खरी कोणती हें ठरविण्यांतच वेळ जातो. पाठविलेल्या प्रत्येक कागदाची नकल आणि टपालाची पावती घरीं ठेवावी. पुढें फोनवर बोलतांना तारीख सांगतां आली, तर बोलण्याला वजन येतें.

हा फॉर्म त्या त्या वर्षापुरताच असतो. यंदा भरला म्हणून पुढील वर्षीं आपोआप संरक्षण मिळत नाहीं. कर्ज फिटेपर्यंत तो दरसाल भरावा लागतो. उलट, मागील वर्षाचें राहून गेलें असेल तरी निराश होण्याचें कारण नाहीं. विवरणपत्राच्या मुदतीपासून ३ वर्षें, किंवा जो कर भरला होता व पुढें वळता झाला तो भरल्यापासून २ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंवर मागणी करतां येते. मधल्या काळांत घटस्फोट झाला असला, तरीहि हक्क बुडत नाहीं.

सांगितलेले आठवडे उलटून गेले आणि तरीहि पैसे नाहींत, मग काय करावें? प्रथम करखात्याच्या परतावा-चौकशीच्या सोयींत काय दिसतें तें पाहावें, आणि आपल्या खात्याचा उतारा मागवावा. त्या उताऱ्यावर खात्यांतील नोंदी तारीखवार असतात. वळती केव्हां झाली, पुढें कांहीं हालचाल झाली कीं नाहीं, हें त्यावरून कळतें. मग दूरध्वनीनें चौकशी करावी, आणि बोलणाऱ्या कारकुनाचा ओळखक्रमांक टिपून ठेवावा. नेहमींच्या मुदतीवर आणखी ३० दिवस लोटले, किंवा विलंबामुळें घरावर खरोखरच संकट आलें, तर ‘टॅक्सपेयर ॲडव्होकेट सर्व्हिस’ या शाखेकडे जावें. ही शाखा करखात्याच्याच अंतर्गत आहे, पण करदात्याची बाजू लावून धरण्यासाठीं नेमलेली आहे, आणि प्रत्येक राज्यांत तिचें निदान एक तरी कार्यालय आहे. तिच्याकडे अर्ज ९११ क्रमांकाच्या फॉर्मनें करावयाचा. त्यांत नुसतें ‘फार अडचण आहे’ असें लिहून भागत नाहीं. घरमालकाची नोटीस, वीज तोडण्याचें पत्र, दवाखान्याचें बिल, असा लेखी पुरावा जोडावा. अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीं ‘लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिक’ नांवाच्या संस्थाहि आहेत. त्या विनामूल्य किंवा नाममात्र फी घेऊन बाजू मांडतात. याशिवाय आपल्या विभागाच्या काँग्रेस-सभासदाच्या कचेरीला पत्र लिहिण्याचा मार्ग आहे. येथील माणसाला तो वशिल्याचा वाटेल. पण अमेरिकेंत अशीं गाऱ्हाणीं खात्यापर्यंत पोंचविणें हें त्या कचेरीचें नित्याचेंच काम मानतात.

यंत्रणा मोठी असली म्हणजे तिच्या हातून चूक कशी घडते, आणि सुधारली जाते तीहि कशी, याचें एक उदाहरण २०२० सालीं घडलें. महामारीच्या काळांत अमेरिकन सरकारनें बहुतेक कुटुंबांना मदतीची रक्कम वांटली. थकलेल्या पोटगीसाठीं ती रक्कमहि अडविली जात होती. ज्यांनीं बाधित जोडीदाराचा फॉर्म आधींच रीतसर भरलेला होता, त्यांच्याहि वांट्याची मदत जोडीदाराच्या पोटगीकडे गेली. त्या वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत करखात्यानें जाहीर केलें कीं, अशा सुमारें ५०,००० जोडीदारांना त्यांचा वांटा आपण होऊन पाठविण्यांत येईल, त्यांनीं नव्यानें कांहींहि करावयाचें नाहीं. आणि सप्टेंबरांत चेक टपालांत पडावयाचे होते. ज्यांचा फॉर्म दप्तरीं दाखल होता, त्यांना खात्यानें दप्तरावरूनच शोधून काढलें. दप्तरांत नांव असणें म्हणजे काय, हें यावरून कळावें.

तथापि या प्रकरणांत एक तिसरा पक्षहि आहे, आणि त्याला विसरणें न्यायाचें होणार नाहीं. थकबाकी पोटगीची असेल, तेव्हां वळती झालेला पैसा कोणा अधिकाऱ्याच्या खिशांत जात नाहीं. दुसऱ्या एखाद्या घरीं एक मूल आणि त्याची आई त्याची वाट पाहत असतात. त्या मुलाचा हक्क बापाच्या कमाईवर आहे, बापाच्या नव्या पत्नीच्या कमाईवर नाहीं. म्हणूनच संयुक्त परताव्यांतून आलेली पोटगी कांहीं प्रसंगीं राज्याचें खातें सहा महिन्यांपर्यंत हातीं राखून ठेवूं शकतें. बाधित जोडीदाराची मागणी मागाहून आली, तर मुलाच्या हातांत पडलेला पैसा पुन्हां काढून घेण्याची पाळी येऊं नये, हा त्यांतील हेतु. एका घरांत फॉर्म भरण्यास उशीर झाला कीं दुसऱ्या घरांत पोटगी मिळण्यास उशीर होतो. वेळेवर मागणी करणें हें केवळ स्वतःच्या हिताचें नव्हे, त्या मुलाच्याहि हिताचें आहे.

सर्वांत बरें तें हें कीं, अडकण्याजोगी मोठी रक्कम सरकारकडे सांचूंच देऊं नये. परतावा म्हणजे बक्षीस नव्हे. आपलाच पैसा वर्षभर सरकारकडे पडून राहिलेला असतो. मालकाकडे द्यावयाच्या डब्ल्यू-४ या फॉर्ममध्यें योग्य तो फेरफार केला, म्हणजे पत्नीच्या पगारांतून गरजेपुरताच कर कापला जातो, आणि उरलेला पैसा महिन्याच्या महिन्याला घरांत येतो. दुसरा मार्ग स्वतंत्र विवरणपत्रें भरण्याचा. त्यानें पत्नीचा परतावा सुरक्षित राहतो खरा, पण शिक्षणासंबंधींच्या व इतरहि कांहीं सवलती हातच्या जातात. म्हणून दोन्ही रीतींनीं आंकडेमोड करून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊं नये. विशेषतः हें ध्यानांत असावें कीं, स्वतंत्र विवरणपत्रांवरून पुढें संयुक्त विवरणपत्राकडे वळतां येतें. परंतु संयुक्त भरल्यावर मुदत संपली, कीं त्या वर्षापुरतें मागें फिरतां येत नाहीं.

आणि या सर्व उपायांच्या आधींचा उपाय कोणत्याहि फॉर्ममध्यें छापलेला नाहीं. आपल्याकडे लग्न ठरवितांना पत्रिका पाहतात, घराणें पाहतात, पगाराचीहि चौकशी करतात. पण डोक्यावरील कर्जाचा प्रश्न संकोचानें कोणी काढीत नाहीं. शिक्षणासाठीं कर्ज काढणें हा कांहीं गुन्हा नव्हे, आणि पोटगी देणें हें तर कर्तव्यच आहे. लपविल्यानें मात्र दोहोंनाहि काळिमा लागतो. ज्या घरांत खणांतील पाकीट वेळींच टेबलावर येतें, त्या घरांत हा फॉर्म म्हणजे साधें हिशेबाचें काम होऊन बसतें. दोघें शेजारीं बसून तीन रकाने भरतात, आणि आठवडे मोजीत स्वस्थ राहतात. पाकीट खणांतच राहिलें, तर करखात्याकडून १,८०० डॉलर उशिरां कां होईना परत येतील; घरांतला विश्वास परत मिळविण्यासाठीं मात्र कोणत्याहि खात्याकडे अर्ज करतां येत नाहीं.